पद कुणाचं, पदक कुणाला

मागच्या पावसाळ्यात एका नाट्यपद गायन स्पर्धेला परीक्षक म्हणून गेले होते. शाळेचं सभागृह, डोक्यावर कुरकुरणारे पंखे, दाराशी टेकवून ठेवलेल्या छत्र्यांखाली साचलेली थारोळी, आणि स्टेजच्या डाव्या अंगाला ऑर्गन. ऑर्गनवाले काका पायाने भाता मारून नुसता षड्ज धरायचे, की मागच्या रांगेतल्या पालकांची कुजबुज आपोआप खाली बसायची. आम्हा परीक्षकांपुढे एकेका स्पर्धकाचा अर्ज येत होता. झेरॉक्सवरून झेरॉक्स काढून फिकट झालेला कागद, त्यावर रकाने: नाव, वय, पद, नाटक, राग, ताल, संगीत, मूळ गायक. निवेदिका त्याच कागदावरून वाचून दाखवायची. एका मुलीच्या अर्जावर ‘मूळ गायक – बालगंधर्व’ याच्या शेजारी, समासात, बॉलपेनने बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं: ‘पदरचना – वि. सी. गुर्जर’. जागा पुरली नव्हती, म्हणून शेवटचा ‘र’ खालच्या ओळीत उतरला होता. निवेदिकेने रकान्यांतलं सगळं नीट वाचलं. समासातलं वाचलं नाही.

मुलगी ‘कशि या त्यजू पदाला’ गायली. आवाज कोवळा होता, श्वास पुरत नव्हता, अंतऱ्यात एका जागी सूर निसटला तेव्हा तिने आईकडे पाहिलं. तिचा नंबर आला नाही, आणि तो यावा असं गाणं झालंही नव्हतं. पहिला आलेला मुलगा खरोखर तयारीचा होता. मग सत्कार सुरू झाले. ऑर्गनला शाल-श्रीफळ, तबल्याला शाल-श्रीफळ, निवेदिकेला पुस्तक, ध्वनिव्यवस्था बघणाऱ्याला गुलाबपुष्प, मुलांना वडे वेळेवर दिले म्हणून कॅन्टीनच्या मावशींनाही गुलाबपुष्प. सगळं रास्त होतं. बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, छोटा गंधर्व, अभिषेकीबुवा, वसंतराव या सगळ्यांची नावं दिवसभरात इतकी घेतली गेली की ते पहिल्या रांगेत येऊन बसलेत असं वाटावं. ज्यांनी ते शब्द लिहिले त्यांच्यापैकी मात्र एकाचंही नाव त्या माइकवरून आलं नाही.

काही दिवसांनी मानधनाच्या पावतीवर सही घ्यायला संस्थेचे तरुण कार्यवाह घरी आले, तेव्हा चहा देता देता मी म्हटलं, “अर्जात एक रकाना वाढवा ना, पद कोणाचं म्हणून.” ते मनापासून विचारात पडले. “मॅडम, रकाना वाढवला तर अर्ज दुसऱ्या पानावर जातो.” “मग ‘मूळ गायक’ काढा,” मी म्हटलं. मी गंमत केली असं समजून ते हसले.

मी गंमत केली नव्हती.

त्यांना एकट्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. नाटकाच्या पुरस्कारांची कुठलीही यादी कानावर आणून बघा. लेखन, दिग्दर्शन, अभिनय, नेपथ्य, प्रकाशयोजना, वेशभूषा, रंगभूषा, संगीत. संगीत नाटकांच्या राज्य स्पर्धेत गायनाची पदकं असतात, ऑर्गन-तबल्याच्या साथीचीही दखल घेतली जाते. गीतलेखनाला स्वतःचं खातं क्वचितच भेटतं. संगीत रंगभूमीवरच्या जीवनगौरवाचा राज्य शासनाचा पुरस्कार आहे, तो आपण अण्णासाहेब किर्लोस्करांच्या नावाने देतो. अगदी योग्य नाव. पण त्या नावाआधी पदवी लावतो ती ‘संगीताचार्य’. ज्या माणसाने १८८० साली ‘शाकुंतल’ आणि दोन वर्षांनी ‘सौभद्र’ लिहिलं, ‘वद जाऊं कुणाला शरण’ ही ओळ सुभद्रेच्या तोंडी घातली, त्याच्या शब्दांना त्या पदवीत जागा नाही. अर्थात किर्लोस्करांच्या वेळी हा प्रश्नच नव्हता. नाटक त्यांचं, पदं त्यांची, चाली निवडणारे ते, बसवणारे ते, आणि वेळ पडली तर तोंडाला रंग लावून उभे राहणारेही तेच. कोणाचं काय, असं वेगळं काढायचं कशासाठी? आपल्याकडे पद लिहिणारा हा नाटककाराच्या पोटातच राहिला. नाटककाराला नमस्कार केला की तो पद लिहिणाऱ्यालाही पोचला, असं आपण धरून चाललो. पुढे ते दोघे वेगळे झाले तेव्हाही आपली सवय तशीच राहिली.

आमच्या आजोबांच्या लाकडी पेटीत संगीत नाटकांची जुनी पुस्तकं होती. पानं चहाच्या रंगाची, कडा हात लावला की मोडणाऱ्या, आणि आत डांबराच्या गोळ्यांचा वास. त्या पुस्तकांत प्रत्येक पदाच्या डोक्यावर बारीक टायपात राग, ताल आणि ‘चाल’ छापलेली असे. चालीच्या पुढे कधी कुठल्या हिंदी चिजेचे, म्हणजे बंदिशीचे, पहिले दोन शब्द, कधी लावणीची ओळ, कधी नुसतंच आधीच्या पदाकडे बोट. लहानपणी मला ती एक गुप्त भाषा वाटायची. आजोबा बाजाच्या पेटीवर ती चाल धरायचे आणि पुस्तकातले शब्द त्यात बसवत जायचे, एखादं अक्षर अडलं की थांबून म्हणायचे, “इथे त्याला जागा कमी पडली बघ.” त्याला म्हणजे लिहिणाऱ्याला. माझ्या आयुष्यात पद लिहिणारा माणूस पहिल्यांदा आला तो असा, जागा कमी पडलेला.

कारण चाल बहुधा आधी असायची आणि शब्द नंतर. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी ‘वीरतनय’पासून पारशी रंगभूमीच्या चटकदार चाली मराठीत आणल्या. १९११ च्या ‘मानापमान’ला गोविंदराव टेंब्यांनी चाली दिल्या, १९१६ च्या ‘स्वयंवर’ला भास्करबुवा बखल्यांनी ख्यालाच्या घरातल्या चिजा दिल्या, आणि नाटककार खाडिलकरांनी त्यांत मराठी शब्द भरले. दुसऱ्याच्या मापाने शिवलेलं पोलकं आपल्या लेकीच्या अंगाला बसवायचं, तसलं हे काम. चिजेतला शब्द ज्या मात्रेवर येतो त्याच मात्रेवर मराठी शब्द यायला हवा. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, ‘आ’कार आला तर गळा मोकळा होतो, ‘ई’ आली तर आवाज चिमटीत सापडतो. तान जिथून सुटायची तिथे ‘ट’ किंवा ‘ळ’ येऊन बसला तर गायक मनातल्या मनात शिव्या देणार. त्यात आपली मराठी म्हणजे प्रत्ययांची बाई: ‘माझ्यासाठी’ म्हणेपर्यंत आवर्तन संपतं. म्हणून ‘मम’, म्हणून ‘तव’, म्हणून ते संस्कृत समास, एकात एक अडकवलेले, मध्ये प्रत्ययाचा अडसर नसलेले. ‘स्वयंवर’मधल्या ‘नाथ हा माझा मोही खला’ या ओळीवर आम्ही कॉलेजात पोट धरून हसायचो. रुक्मिणी प्रेमात पडलीय आणि तिला पहिल्या ओळीतच खल आठवतो! पण ती ओळ यमनात म्हणून बघा. ‘ना’, ‘हा’, ‘मा’, ‘झा’, आणि शेवटी तो ‘ला’: तोंड उघडं ठेवायला जागाच जागा. बालगंधर्वांना हवं होतं ते खाडिलकरांनी मोजून दिलं होतं.

तरी खरं सांगायचं तर नाट्यपदांचे शब्द कविता म्हणून वाचायला बसलं की पुष्कळदा निराशा होते. काही ओळींचा अन्वय लावताना घाम फुटतो. एकाच नाटकात ‘सुखवी’, ‘शमवी’, ‘भुलवी’ यांची रांग लागते. पुरस्कार देणाऱ्या मंडळींनी या शब्दांकडे दुर्लक्ष केलं तर त्यांचं फार चुकलं असं म्हणवत नाही, हे मी स्वतःशी कितीदा तरी कबूल केलं आहे. फक्त मला वाटतं की वाचून जोखणं ही तपासणीच चुकीची. पद हे पानावर उभं राहण्यासाठी लिहिलेलंच नसतं. ते कोणाच्या तरी तोंडात, कुठल्या तरी प्रसंगात, अमुक एका मात्रेवर उभं राहायचं असतं. देवलांच्या ‘शारदे’तलं ‘म्हातारा इतुका न, अवघे पाऊणशे वयमान’ घ्या. कागदावर ती एक थट्टा आहे. १८९९ सालच्या प्रेक्षागृहात, जिथे समोर बसलेल्यांपैकी कोणाकोणाच्या घरी तसलंच म्हातारं स्थळ चालून आलेलं असेल, तिथे ती ओळ काय करत असेल याचा विचार करा. नंतर ती घराघरांत शिरली. अजूनही आमच्याकडे कोणी उतारवयात केस काळे केले की कोणीतरी ती गुणगुणतंच.

‘एकच प्याला’कडे मी परत परत जाते ती त्या समासातल्या नावामुळे. नाटककार राम गणेश गडकरी १९१९ च्या जानेवारीत सावनेरला वारले. नाटक रंगभूमीवर आलं ते त्यानंतर, फेब्रुवारीत, बडोद्याला, गंधर्व नाटक मंडळीकडून. पदं लिहिली होती वि. सी. गुर्जरांनी. गुर्जर हे कथालेखक. ‘मनोरंजन’ मासिकाच्या वाचकांना त्यांचं नाव गोष्टींसाठी ठाऊक होतं. आता जरा नाटकाच्या नायिकेकडे, सिंधूकडे बघा. ती बोलते गडकऱ्यांचं गद्य. साधं, घरगुती, मध्येच काळजाला हात घालणारं. आणि बोलता बोलता ती गाऊ लागते तेव्हा शब्द दुसऱ्याच माणसाचे असतात. एका बाईच्या तोंडात दोन लेखक! नवऱ्याचे पाय सोडून कुठेही जायला तयार नसलेली ती बाई ‘कशि या त्यजू पदाला’ म्हणते त्या क्षणी प्रेक्षकाला सांधा जाणवला असता, तर सगळंच फसलं असतं. शंभर वर्षांत तो कोणाला जाणवलेला मी ऐकला नाही. बहुतेकांना सिंधू ही अथपासून इतिपर्यंत गडकऱ्यांचीच वाटते. गुर्जरांच्या कामाची हीच पावती, आणि त्यांचं नाव पुसलं जाण्याचं कारणही हेच. चांगलं नेपथ्य पडदा उघडताच टाळ्या घेतं. चांगलं पद मात्र लिहिणाऱ्याचं राहतच नाही, ते सिंधूचं होतं, आणि सिंधूचं झालं की बालगंधर्वांचं होतं.

अभंगवाल्यांनी आणि लावणीवाल्यांनी याची सोय केव्हाच करून ठेवली होती. शेवटच्या कडव्यात ‘तुका म्हणे’ आलं की वाद मिटला. शाहीर होनाजी बाळा काय, राम जोशी काय, कवनाच्या शेवटी आपलं नाव गुंफून मोकळे. चिजांमध्येसुद्धा ख्याल रचणारे सदारंग-अदारंग आपली मुद्रा ठेवून गेले. कोणी कितीही मोठा गवई असो, अंतऱ्यात त्याला सदारंगाचं नाव घ्यावंच लागतं. नाटकात ही सोय नाही. सिंधू ऐन दुःखात ‘गुर्जर म्हणे’ असं कसं म्हणणार? ती बोलते ती फक्त सिंधू म्हणून. पद लिहिणारा पात्राच्या मागे गेला की पुढे येण्याचं दारच त्याला उरत नाही. त्याला बाहेरून कोणीतरी हाक मारावी लागते: निवेदकाने, तबकडीवरच्या लेबलाने, नाहीतर पुरस्कार देणाऱ्यांनी. आमच्या घरी ज्या जुन्या तबकड्या होत्या त्यांच्यावर नाटकाचं नाव होतं, गाणाऱ्याचं होतं. बस.

त्या काळात खरा पुरस्कार म्हणजे वन्समोअर, आणि तो जागच्या जागी मिळायचा. रसिकांनी दिलेली पदकं कोटावर लावून बसलेल्या नटांचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत. वन्समोअर कोणाला मिळाला, असं तेव्हा विचारलं असतं तर लोक नाव गायकाचंच घेणार. आणि का घेऊ नये? समोर घाम गाळणारा तो होता. पण वन्समोअर घेणारा गायक पुन्हा तेच शब्द म्हणायचा ना! पुन्हा म्हणताना त्यातलं एखादं अक्षर लांबवायचा, एखाद्या शब्दाशी खेळायचा, त्याच शब्दातून नवी जागा काढायचा. ज्या पदात असा खेळायला शब्दच नाही त्याला वन्समोअर मिळालेला मी तरी पाहिला नाही.

सिनेमाने हे आपल्यापेक्षा लवकर ओळखलं, तेही लगेच नाही. फिल्मफेअरचे पुरस्कार १९५४ साली सुरू झाले. गीतकाराला वेगळा पुरस्कार आला तो १९५९ साली, पहिला मान शैलेंद्रांचा. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत गीतलेखन आलं १९६८ सालच्या चित्रपटांपासून, आणि पहिला पुरस्कार तमिळ कवी कण्णदासन यांना गेला. हे साल माझ्या डोक्यात रुतून बसलंय त्याला कारण आहे. त्याच १९६८ साली आपल्याकडे रणजित देसाईंचं ‘हे बंध रेशमाचे’ रंगभूमीवर आलं. संगीत जितेंद्र अभिषेकींचं, पदं शांता शेळक्यांची. ‘काटा रुते कुणाला’ त्यातलंच.

या पदाबद्दल मला जरा थांबून बोलायचंय. यात ‘मम’ नाही, ‘तव’ नाही, समासांची गाठोडी नाहीत. अभिषेकींनी ‘मत्स्यगंधा’पासून नाट्यपदाला जो नवा श्वास दिला त्यात हेही बसत होतं: पद आटोपशीर, शब्द कानाला ऐकू येणारे, तानांचा धबधबा आवरलेला. तिथे कानेटकरांनी ‘गुंतता हृदय हे’ लिहिलं होतं, ‘ययाति आणि देवयानी’त शिरवाडकरांनी ‘हे सुरांनो, चंद्र व्हा’ लिहिलं होतं. पण ते दोघे आपल्याच नाटकासाठी लिहीत होते. शांताबाई दुसऱ्याच्या नाटकात, दुसऱ्याच्या पात्रासाठी लिहीत होत्या. पहिलाच शब्द ‘काटा’. दोन मोकळे ‘आ’, आणि मधला तो ‘ट’ अगदी टोचावा तसा. अभिषेकी तो शब्द म्हणतात तेव्हा पहिल्या ‘आ’वर काही घडत नाही, दुसऱ्यावर आवाज किंचित हलतो, जणू टोचलं ते आधी आणि कळलं ते नंतर. मग ज्याला फूलही रुततं अशा माणसाचं दैव पुढच्या ओळीत येतं, तेही तक्रारीच्या सुरात नाही. ही जागा कोणाची? अभिषेकींची, यात वादच नाही. पण ‘काटा’च्या ऐवजी ‘शूल’ असता तर ती जागा सापडली असती का? मैफलीत हे पद झालं की लोक ‘वा अभिषेकीबुवा!’ म्हणतात. शांताबाईंना मान काही कमी मिळाला नाही. १९९६ साली आळंदीच्या साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष होत्या. पण त्यांचं नाव निघालं की भावगीतं आठवतात, चित्रगीतं आठवतात. रंगभूमीच्या माणसांच्या यादीत त्यांचं नाव मी फारसं ऐकलेलं नाही. साहित्यवाल्यांनी त्यांना आपलं म्हटलं, सिनेमावाल्यांनी आपलं म्हटलं, नाटकवाल्यांनी त्यांची पदं ठेवून घेतली.

संगीतिकांचं मोठं गाव म्हणजे न्यूयॉर्क. तिथे तरी बरं असेल म्हणून मी जरा शोधलं, तर तिथली गंमत आणखी निराळी निघाली. १९३२ साली ‘ऑफ दी आय सिंग’ या संगीतिकेला नाटकाचं पुलित्झर पारितोषिक मिळालं; संगीतिकेला ते मिळण्याची ती पहिलीच वेळ. पारितोषिक विभागून दिलं गेलं ते संवाद लिहिणाऱ्या कॉफमन आणि रिस्काइंड यांना, आणि गीतं लिहिणाऱ्या आयरा गर्श्विनला. संगीत देणारा त्याचा सख्खा धाकटा भाऊ जॉर्ज गर्श्विन, जो एव्हाना जगप्रसिद्ध होता, त्याला वगळलं. का, तर पारितोषिक साहित्याचं! मी हे वाचून एकटीच मोठ्याने हसले. एकदाच कुठेतरी पारडं गीतकाराकडे झुकलं, तर तेही असं की बिचाऱ्याला भावाच्या तोंडाकडे बघायची चोरी व्हावी. रंगभूमीचे स्वतःचे जे टोनी पुरस्कार, तिथली गोष्ट उलटी. ‘वेस्ट साइड स्टोरी’ला १९५८ साली टोनी मिळाले ते नृत्यरचनेला आणि नेपथ्याला. त्यातली गीतं लिहिणारा स्टीफन सोंडहाइम तेव्हा विशी-तिशीतला पोरगा होता, त्याच्या कामाला रकानाच नव्हता. १९७१ साली त्यांनी संगीत आणि गीतं असे दोन वेगळे पुरस्कार केले, आणि ते दोन्ही त्याच सोंडहाइमला ‘कंपनी’साठी द्यावे लागले. दोन केले ते एकाच माणसाकडे! पुढच्या वर्षी पुन्हा एकत्र केले. तेव्हापासून संगीतकार आणि गीतकार एकाच पदकाच्या दोन कडा धरून घरी जातात म्हणायचं.

यातून मला जे दिसलं ते असं की रंगभूमीवरच्या शब्दांना साहित्यवाले पटकन ओळखतात आणि रंगभूमीवाले चाचरतात. आपल्याकडेही तेच. ‘संगीत देवबाभळी’ हे अलीकडचं नाटक, प्राजक्त देशमुखांचं. त्यातली गाणीही त्यांचीच, तुकोबांच्या अभंगांच्या शेजारी बसवलेली. तुकोबांच्या शेजारी आपली ओळ ठेवायला काय छाती लागते हे ज्याने चार ओळी लिहून बघितल्या असतील त्याला विचारा. या नाटकाला रंगभूमीवर भरभरून प्रेम मिळालं, आणि २०२० सालचा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कारही मिळाला. तो पुस्तकाला. वाचणाऱ्यांना ती गाणी कागदावरही दिसली.

हे सगळं मी ऑर्गनवाल्या काकांना एका दुपारी ऐकवलं. ते तबला-ऑर्गनच्या दुरुस्तीचंही बघतात. त्या दिवशी एका पेटीचा भाता उघडून बसले होते, मांडीवर चामड्याचे तुकडे, शेजारी सरसाची वाटी. काकांनी माझं म्हणणं शांतपणे ऐकलं आणि एका वाक्यात निकालात काढलं. “अगं, शब्द ऐकायला कोण येतं नाट्यसंगीताला?” मी ‘शारदा’ काढलं, ‘काटा रुते’ काढलं. ते म्हणाले, “बरं, ठेवला तुझा पुरस्कार. देणार कोणाला? स्पर्धेत दरवर्षी ‘सौभद्र’ होतं, ‘संशयकल्लोळ’ होतं, ‘मत्स्यगंधा’ होतं. मग दरवर्षी गीतलेखनाचं पदक किर्लोस्करांना नाहीतर देवलांना. घ्यायला कोण येणार?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही पुरतं नाही. नवी संगीत नाटकं इतकी थोडी येतात की वेगळा पुरस्कार ठेवला तर एखाद्या वर्षी एकाच प्रवेशिकेला पहिला क्रमांक द्यावा लागेल. पण नवी पदं लिहायला कोणी का येत नाही, हेही त्याच गाठोड्यात नाही का? ज्या कामाला नाव नाही, ज्याचं श्रेय गाणाऱ्याकडे आणि चाल देणाऱ्याकडे जाणार हे आधीच ठाऊक आहे, ते काम चांगला कवी हातात कशाला घेईल? तो सिनेमाला लिहील, मालिकेचं शीर्षकगीत लिहील. काका म्हणाले, “ते मात्र आहे,” आणि भात्यावर सरस लावायला लागले.

आणि एक अडचण आहे ती मला हल्लीच कळली. परीक्षक म्हणून गुण द्यायचे तर नेमके कशाला द्यायचे हे बघावं, म्हणून मी एका रात्री ‘एकच प्याला’ची पदं नुसती वाचायला घेतली. चाल बाजूला ठेवायची, गळा बाजूला ठेवायचा, फक्त शब्द. दहात किती, असा कागद-पेन्सिल घेऊनच बसले. ‘देवबाभळी’ मी प्रयोग बघण्याआधी पुस्तक म्हणून वाचलं होतं, तेव्हा हे जमलं होतं. एखादी ओळ आवडली, एखादी ताणलेली वाटली, समासात खुणा केल्या. इथे ‘कशि’ म्हटलं आणि पुढचं मी वाचलंच नाही. ते आपोआप सुरात सुरू झालं, बालगंधर्वांच्या त्या लडिवाळ आवाजात, तबकडीच्या खरखरीसकट. पुन्हा पहिल्या ओळीवर आले, मोठ्याने, बातम्या वाचाव्यात तसं वाचायला लागले. दुसऱ्या ओळीला पुन्हा तेच. ‘सत्य वदे वचनाला’ काढलं, तिथेही तेच. स्वयंपाकघरातून लेकीने विचारलं, “आई, गाणं म्हणतेयस की भांडतेयस?” मी पेन्सिल ठेवून दिली. गुर्जरांना किती गुण, ते मला त्या रात्री ठरवता आलं नाही. पुढचे दोन दिवस मात्र भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना त्यांचे शब्द तोंडात होते, एकही न चुकता.